काठी, हात आणि चाळीस ग्रॅमची टिचकी

आज मी डावा हात टेबलावर ठेवून बसलोय, तो मुद्दाम. व्हिडिओ पाहणाऱ्यांना तो दिसतोच आहे. हे पुस्तकात वाचणाऱ्यांसाठी सांगतो: कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जरा आत वळलेला, बोटं मिटू पाहणारी, अंगठा तळव्यात शिरलेला. दोन वर्षांपूर्वी मला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं (नाहीतर हे भाग झालेच नसते), पाय बराच सुधारला, हात मात्र असा राहिला. दुखत नाही. ताठतो. थंडीत जास्त, कुणी घाई केली की त्याहून जास्त.

गेल्या हिवाळ्यात तपासणीसाठी नागपूरला गेलो होतो. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझ्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली चार बोटांवर, पेनानं एक ठिपका काढला. मग जाडसर मोबाइलएवढं एक यंत्र त्या ठिपक्यावर उभं धरलं. त्याच्या टोकाला पेन्सिलीच्या मागच्या भागाहून बारीक काडी. टक्, टक्, टक् अशा पाच टिचक्या बसल्या. पडद्यावर आकडे आले. "काका, ताठरपणा तीनशे एकेचाळीस," त्या म्हणाल्या.

एकतीस वर्षं मी इतिहास शिकवला. आकडा ऐकला की पहिला प्रश्न मनात येतो तो 'किती' हा नसतो. 'हे मोजायचं कुणाला, केव्हा आणि कशासाठी सुचलं?' हा असतो. परतीच्या गाडीत तोच घोळत होता, आणि अभनपुरला घरी येऊन खिडकीबाहेरचं शेत पाहिलं तेव्हा त्याचा एक धागा आपल्याच मातीत सापडला. आजचा भाग त्याच्यावर.

आधी शब्द पाहू. डॉक्टर स्नायूंचा 'टोन' म्हणतात. मूळ ग्रीक शब्द 'तोनोस', म्हणजे ताणलेली दोरी, ताणलेली तार. आपला 'ताण', गवयाची 'तान', विणकराचा 'तंतू', हे सगळे त्या ग्रीक शब्दाचे चुलत भाऊ. संस्कृत 'तन्' आणि ग्रीक क्रियापद एकाच मुळाचे. म्हणजे स्नायूची कल्पना फार जुन्या काळापासून तारेसारखी केली गेली आहे. झोपेत सैल, जागेपणी किंचित खेचलेली, आजारात एकतर लोंबलेली किंवा तुटेपर्यंत आवळलेली. आणि तार किती आवळली आहे हे बघायचं तर काय करतात? तंबोरा लावणाऱ्याला विचारा. तो छेडून बघतो.

वैद्य काय करायचा? आपल्याकडे तो मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी पाहायचा. हात धरून हलवायचा, दाबायचा. युरोपातही वेगळं नव्हतं. व्हिएन्नाच्या औएनब्रुगरनं १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून आतला आवाज ऐकायची पद्धत छापली. त्याचे वडील खानावळ चालवत. दारूची पिंपं किती भरली आहेत ते ठोकून बघतात, ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं, असं सांगतात. पण ही सगळी मापं बघणाऱ्याच्या बोटांत राहायची. एक वैद्य गेला की त्याचं माप त्याच्याबरोबर गेलं.

हाताला पहिलं यंत्र लावलं ते आजारासाठी नव्हे, ताकदीसाठी. पॅरिसमध्ये रेन्ये नावाच्या कारागिरानं १७९८ साली मुठीनं आवळायचा पोलादी कमानीचा ताकदमापक प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी बोदँ याच्या नेतृत्वाखाली फ्रेंच जहाजं ऑस्ट्रेलियाकडे निघाली, आणि पेरों नावाचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ तो मापक बरोबर घेऊन गेला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, तिमोरच्या लोकांच्या, मग आपल्या खलाशांच्या आणि सिडनीतल्या इंग्रजांच्या हाती तो दिला. निष्कर्ष काय काढला असेल, ते तुम्ही ओळखलं असेलच: 'रानटी' माणूस दुबळा, 'सुधारलेला' बळकट. आधी कधी न पाहिलेलं लोखंड परक्याच्या हुकमावर कुणी जीव तोडून का आवळावं, हा प्रश्न त्याला फारसा पडला नाही. मोजमापाच्या इतिहासात ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. यंत्र खोटं नव्हतं. विचारलेला प्रश्न वाकडा होता.

पुढे इटलीत, तुरिनला, आंजेलो मोस्सो यानं थकवा मोजायचा चंग बांधला. फळीवर हात कोपरापासून मनगटापर्यंत पट्ट्यांनी जखडायचा, मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन, आणि ठरावीक ठोक्यावर ते वजन उचलत राहायचं. काजळी लावलेल्या फिरत्या नळकांड्यावर प्रत्येक उचल रेघ काढी. रेघा खुजा होत होत संपत. १८९१ साली त्याचं थकव्यावरचं पुस्तक आलं. त्यातली एक गोष्ट मी दर वर्षी स्टाफरूममध्ये सांगायचो: मोस्सोनं आपल्या एका सहकाऱ्याची रेघ तोंडी परीक्षा घेण्याआधी आणि घेतल्यानंतर काढली. परीक्षा घेतल्यावर बोटाचं बळ स्पष्ट घटलेलं. दमला तो विद्यार्थी नव्हे, परीक्षक! याच मोस्सोनं १८९६ साली स्नायूंचा टोन मोजायच्या एका उपकरणाचं वर्णन छापलं आणि त्याला 'मायोटोनोमीटर' म्हटलं. म्हणजे नागपुरातलं यंत्र नवं असलं, तरी त्याचं नाव आपल्या पणजोबांच्या काळातलं आहे.

ते नाव मात्र दवाखान्यापर्यंत पोचलं नाही. तिथे डॉक्टरचा हातच चालू राहिला, आणि चालतो आहे. आज भारतात कुठल्याही इस्पितळात अर्धांगाच्या रुग्णाचा ताठरपणा नोंदतात तो ॲशवर्थच्या श्रेणीनं. ब्रायन ॲशवर्थ या डॉक्टरानं ती १९६४ साली छापली. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर एका औषधाचा परिणाम बघायचा होता, त्यासाठी त्याला काहीतरी मोजपट्टी हवी होती. शून्य म्हणजे ताठरपणा नाही, चार म्हणजे अवयव हलतच नाही. डॉक्टर तुमचा हात धरतो, सरळ करतो, आणि त्याच्या हाताला जे जाणवतं त्याला आकडा देतो. १९८७ साली बोहॅनन आणि स्मिथ या अमेरिकनांनी एक आणि दोनच्या मध्ये 'एक अधिक' अशी पायरी घातली आणि ३० रुग्णांची कोपरं दोघांनी वेगवेगळी तपासली. २६ वेळा दोघांचा आकडा जुळला. माझ्या कागदावर 'दोन' लिहिलं आहे. दुसऱ्या डॉक्टरनं 'एक अधिक' लिहिलं होतं. मी सुधारलो, बिघडलो, की फक्त डॉक्टर बदलला?

आता १९६४ हे साल लक्षात ठेवा, आणि माझ्याबरोबर खिडकीपाशी या.

अभनपुर रायपूरहून धमतरीच्या वाटेवर. आमच्याकडून राजिमला फाटा जातो, जुनी छोटी रेल्वेही याच फाट्यावर दोन वाटांनी जायची. तिच्यावर एक वेगळा भाग झाला आहे. चारी बाजूंना भात. भात पिवळा पडू लागला की कापणीआधीच, अजून ओल असलेल्या उभ्या पिकात, शेतकरी एक बी फेकून देतो. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही. याला 'उतेरा' म्हणतात. भंडारा-गोंदियातही हाच शब्द आहे. भात कापला की खाली निळ्या-जांभळ्या फुलांचं वेलीसारखं पीक उभं असतं. इथे त्याला तिवरा किंवा लाखडी म्हणतात. आमच्या घरात, म्हणजे भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या अनेक मराठी घरांत, ती लाखोळी. आई लाखोळीच्या डाळीचे वडे करायची. शेजारच्या कोवळ्या तिवऱ्याची भाजी आमच्याकडे यायची, आमचे वडे त्यांच्याकडे जायचे.

या पिकाचा गुण असा की पाऊस दगा देतो तेव्हा भात मरतो, गहू मरतो, आणि तिवरा उभा राहतो. दोषही तोच. तोंडी लावण्यापुरता खाल्ला तर काही होत नाही. पण दुष्काळात, दुसरं काहीच नसताना, दोन-तीन महिने तोच मुख्य अन्न म्हणून पोटात गेला की काहींच्या मेंदूकडून पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर घाला पडतो. पाय लुळे पडत नाहीत, ताठतात. पोटऱ्या दोरखंडासारख्या आवळतात, टाचा उचलल्या जातात, गुडघे एकमेकांवर चढतात. एकदा झालं की बरं होत नाही. याला लॅथिरिझम म्हणतात.

ठगांच्या बंदोबस्तासाठी नाव झालेला स्लीमन १८४४ साली छापलेल्या आपल्या आठवणींत सागर भागातल्या एका गावाची हकीकत देतो. गहू वर्षामागून वर्ष गेला, लोक तिवऱ्यावर जगले, आणि १८३३ साली तिशीच्या आतली माणसं कमरेखाली अधू होऊ लागली. त्या गावातल्या जवळजवळ अर्ध्या तरुणांना हे झालं, असं तो लिहितो. पुढे रीवा भागात वेठीला बांधलेल्या मजुरांना मजुरीच या डाळीत मिळे. तिथे दुष्काळ नसला तरी पाय ताठायचे. पोटात काय जाणार हे खाणारा ठरवत नव्हता.

मला थबकवलं ते पुढच्या नोंदीनं. १९२२ साली ॲक्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं या रोगाच्या पायऱ्या लावल्या. त्याच्याकडे न्यूटन नव्हते, हर्ट्झ नव्हते. त्यानं काठ्या मोजल्या. पहिली पायरी, बिनकाठीची: माणूस चवड्यांवर, आखूड झटके देत चालतो. दुसरी, एका काठीची. तिसरी, दोन काठ्यांची. शेवटची, रांगणाऱ्याची: पाय भार घेत नाहीत, माणूस हातांवर अंग पुढे ओढतो. शास्त्रीय लेखांत या पायऱ्या आजही याच नावांनी येतात. ताठरपणा पायांत, आणि माप मात्र हातात धरलेल्या लाकडाचं!

हसू नका. ॲशवर्थच्या आकड्यावर दोन डॉक्टरांत वाद होतो, काठ्यांच्या संख्येवर होणार नाही. आंधळ्या म्हातारीलाही अंगणातून गेलेला माणूस किती काठ्यांचा ते आवाजावरून सांगता येईल. पण या मापात एक मोठं भोक आहे. काठी लागेपर्यंत रोग मोजलाच जात नाही. ज्याचे पाय फक्त सकाळी जड होतात, शेतात पळताना अडखळतात, तो कुठल्याच यादीत येत नाही. आणि जेव्हा काहीतरी करता येण्यासारखं असतं, डाळ थांबवता येते, ती वेळ नेमकी तीच असते.

आता १९६४. ॲशवर्थनं तिकडे श्रेणी छापली त्याच वर्षी इकडे बंगळूरला राव, अडिगा आणि सर्मा या तिघांनी, आणि दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकिटसुब्रमण्यन यांनी, तिवऱ्याच्या दाण्यातलं विष वेगळं काढून ओळखलं. त्याचं लांबलचक रासायनिक नाव आवरून ओडॅप म्हणतात. एकाच वर्षात ताठरपणाचं माप आणि या ताठरपणाचं कारण, दोन्ही कागदावर आली. एकमेकांना ती भेटली मात्र नाहीत. कारण तोवर, १९६१ साली, केंद्रानं खेसरी डाळीच्या विक्रीवर बंदी घातलेली होती. खेसरी म्हणजे हाच तिवरा.

बंदी कागदावर. छत्तीसगडात पेरणी चालूच राहिली. दुसरं काय पेरणार बिनपाण्याच्या शेतात? महाराष्ट्रात विक्री बंद, पण विदर्भात लाखोळी शिजतच होती. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठवावी म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली, उपोषणं केली. गरिबाची प्रथिनं हिरावली जात आहेत, हा त्यांचा मुद्दा. समोरची बाजू म्हणायची, एक पाय अधू झाला तरी तो एक पाय कुणाचा? दोन्ही बाजू मला अर्ध्या पटतात. जे पटत नाही ते हे, की इतक्या वर्षांच्या भांडणात पुरावा म्हणून बहुतेक वेळा पुढे आले ते काठीवाले. आहेत की नाहीत, किती आहेत, जुने की नवे. काठीच्या आधीच्या माणसाला दोन्ही बाजूंनी कुणी हाक मारली नाही.

वाट निघाली ती बियाण्यातून. इथल्याच रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठानं ओडॅप कमी असलेले 'प्रतीक' आणि 'महातिवरा' हे वाण काढले, दिल्लीहून 'रतन' आला होता. २०१६ साली आयसीएमआरच्या समितीनं या तिन्ही वाणांना हिरवा कंदील दाखवला तेव्हा वर्तमानपत्रांत पुन्हा गदारोळ झाला, तो तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. शेतातलं बी मात्र अजून बरंचसं घरचंच, जुनं. थोडं खावं, भिजवून पाणी टाकून द्यावं, हे आमच्या आयांना कुठल्या समितीनं सांगितलं नव्हतं.

आता त्या टिचकीकडे. ते यंत्र एस्टोनियाचं, बाल्टिक किनाऱ्यावरच्या चिमुकल्या देशाचं. तिथल्या तार्तू विद्यापीठात आर्वेद वाइन यांनी ही पद्धत वाढवली. काम तंबोऱ्याच्या तारेसारखंच. आधी टोक कातडीवर ०.१८ न्यूटन इतकं हलकं टेकतं, मग एका सेकंदाच्या हजार भागांतले फक्त पंधरा भाग ०.४ न्यूटनचा धक्का देऊन सुटतं. ०.४ न्यूटन म्हणजे साधारण चाळीस ग्रॅमचं वजन. लहान मूल मारतं तशी टिचकी. स्नायू थरथरतो आणि शांत होतो. ती थरथर यंत्र टिपतं. सेकंदाला किती वेळा थरथरला तो टोन. धक्क्याला किती अडला तो ताठरपणा. थरथर किती लवकर विझली त्यावरून लवचीकता. २०१८ साली अलेक्झांडर गेर्स्ट हा जर्मन अंतराळवीर हेच यंत्र अंतराळस्थानकात वापरत होता. वजनरहित अवस्थेत स्नायूंचं काय होतं ते बघायला. मोस्सोच्या फळीला जखडलेल्या हातापासून किती दूर!

पण यंत्राला बोटभर खोलीच्या पलीकडचं कळत नाही. कातडीखाली चरबी जाड असेल तर आकडा फसतो. आणि माझ्यासारख्यांच्या ताठरपणाचा अर्धा स्वभाव असा की तो हात झटक्यात ओढला की उसळतो, हळू ओढला तर ऐकतो. यंत्र मोजतं ते स्वस्थ पडलेल्या हाताला. म्हणजे नागपूरच्या बाईंना ॲशवर्थसाठी माझा हात ओढून बघावा लागलाच. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी लिहिलं, हे मला आवडलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "आता उजवा. चांगल्या हाताशी तुलना करू." उजव्यावर ठिपका काढला. टक्, टक्. आकडा आला, आणि त्यांच्या कपाळावर आठी. चांगल्या हाताचा ताठरपणा जवळजवळ डाव्याएवढाच. मला धसकाच बसला. म्हटलं, हाही गेला की काय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खुर्चीकडे.

"काका, काठी अजून हातात आहे तुमच्या."

होती. बसल्याबसल्याही मूठ आवळून धरलेली, मांडीला टेकवून. दोन वर्षांत ती सोडायची असते हेच हात विसरला होता. त्यांनी काठी काढून भिंतीशी ठेवली, हात उशीवर ठेवला, दहा मिनिटं गप्पा मारत बसल्या; अभनपुर कुठे, राजिमचा मेळा कधी असतो, असं काहीबाही. मग पुन्हा पाच टिचक्या. आकडा दोनशे अठ्ठ्याहत्तरवर उतरला.

तो कागद इथे आहे. डावा तीनशे एकेचाळीस, उजवा दोनशे अठ्ठ्याहत्तर, आणि उजव्याच्या पुढे त्यांनी पेनानं लिहिलंय: 'काठीविना'.